मल्टिफिडस : कंबर दुखायची थांबली, मग व्यायाम कशाला?

पाऊलवाट
काही महिन्यांपूर्वी वाकून एक जड खोकं उचलताना कमरेत उसण भरली. चार दिवसांत जाईल म्हणता म्हणता ती मुक्कामालाच आली. शेवटी एमआरआय काढला. एक गादी थोडी फुगलीय, शीर कुठे दबलेली नाही, असं निघालं. रिपोर्टाच्या तळाशी मात्र एक ओळ होती : कमरेच्या खालच्या मणक्यांपाशी मल्टिफिडस बारीक झालाय आणि त्यात चरबी दिसते. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, हा स्नायू झोपलाय, त्याला उठवायला हवं. त्यांनी दोन व्यायाम दिले. पालथं पडून, काहीही न हलवता तो स्नायू आतल्या आत फुगवायचा. आणि रांगत्या अवस्थेत एक हात पुढे, विरुद्ध बाजूचा पाय मागे लांबवायचा.

आता दुखणं पूर्ण थांबलंय. मग हे व्यायाम चालू ठेवायचे का? आणि हा मल्टिफिडस असतो तरी कुठे, करतो काय? पाठीचे स्नायू म्हणजे ट्रॅपिझियस आणि लॅट एवढंच मला ठाऊक होतं. जाणकारांनी सविस्तर लिहिलं तरी चालेल.

अस्थिरंग
सविस्तर चालेल म्हणालात, तर बसा. शरीररचनाशास्त्र हा माझा शिकवायचा विषय, आणि विद्यार्थी नेमका हाच भाग घाईघाईने उरकतात याचं मला कायम वाईट वाटतं.

ट्रॅपिझियस आणि लॅट पाठीवर पसरलेले असले तरी कामाने ते खांद्याचे आणि हाताचे. त्यांना चालवणारे मज्जातंतूही मानेच्या भागातून येतात. पाठीचे अस्सल स्नायू त्यांच्या खाली, कण्याला लागून असतात. ओळखायची खूण अशी : मेरुरज्जूतून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. बाहेर पडल्या पडल्या प्रत्येकाच्या दोन शाखा होतात, एक पुढे जाते, एक मागे. हात, पाय, पोट, बरगड्यांमधले स्नायू, सगळं पुढच्या शाखांच्या ताब्यात. मागच्या शाखा पाठीची त्वचा आणि मणक्यांचे छोटे सांधे सोडले तर या खोल स्नायूंसाठीच राखलेल्या आहेत.

यांतला वरचा थर इरेक्टर स्पायनीचा. त्रिकास्थी (कण्याच्या तळाचं तिकोनी हाड), नितंबाच्या हाडाची मागची कड आणि कमरेचे मणके यांवर त्याचा रुंद कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) चिकटलेला असतो. वर जाताना त्याचे तीन पदर होतात. बाहेरचा इलिओकॉस्टॅलिस बरगड्या धरत चढतो. मधला लाँगिसिमस थेट कानामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत पोचतो. आतला स्पायनॅलिस मणक्यांच्या मागच्या टोकांना बिलगून असतो. दोन्ही बाजूंचे एकदम आकसले की पाठ मागे ताणली जाते, एकाच बाजूचे आकसले की धड त्या बाजूला झुकतं.

त्याच्या खालचा थर तिरपा आहे, आणि सगळ्या शरीरात मला सर्वांत आवडणारी रचना हीच. प्रत्येक मणक्याला मागे एक टोक असतं (पाठीच्या मधोमध बोट फिरवलं की लागतं ते) आणि दोन्ही बाजूंना एकेक आडवं टोक. या थरातले स्नायू खालच्या मणक्याच्या बाजूवरून निघतात आणि वरच्या कुठल्यातरी मणक्याच्या मागच्या टोकाला जाऊन मिळतात. चार ते सहा मणके ओलांडणारा सेमिस्पायनॅलिस, तो छातीमागे आणि मानेत असतो, कमरेत नाही. दोन ते चार ओलांडणारा तुमचा मल्टिफिडस. आणि एक-दोनच ओलांडणारे चिमुकले रोटेटोरेस. मल्टिफिडस त्रिकास्थीपासून मानेच्या दुसऱ्या मणक्यापर्यंत सलग आहे, कमरेत सर्वांत जाड. त्याचे जुडगे कौलं रचावीत तसे एकावर एक चढलेले असतात. काही तंतू तर मणक्यांच्या छोट्या सांध्यांच्या आवरणाला चिकटतात आणि हालचालीत ते आवरण सांध्यात चिमटू नये म्हणून ओढून धरतात.

आणखी एक. कमरेत प्रत्येक मणक्याच्या मागच्या टोकाला मिळणारा मल्टिफिडसचा जुडगा त्याच पातळीच्या मज्जातंतूवर चालतो. म्हणजे प्रत्येक मणक्याला स्वतःचा हक्काचा स्नायू आणि स्वतःची वेगळी तार. म्हणूनच तुमच्या रिपोर्टात संपूर्ण पाठ नाही, फक्त खालच्या मणक्यांचा उल्लेख आला.

रानवारा
अस्थिरंगताई, अप्रतिम प्रतिसाद. वाचनखूण साठवलीय. हे वाचता वाचता जे जे ताठ बसले त्यांनी हात वर करा!

ओवी
✋

सरळरेषा
✋ पण एक शंका. पाठ्यपुस्तकात रोटेटोरेससमोर 'कणा फिरवणे' असं काम दिलेलं असतं. एवढासा स्नायू एवढा मोठा कणा फिरवतो, हे पटत नाही.

अस्थिरंग
सरळरेषा, शंका रास्त आहे. फिरवायला पुरेसा जोर त्याच्यात नाही, आणि तो हाडाला इतका लगटून असतो की तरफही मिळत नाही. धड फिरवण्याचं मोठं काम पोटाच्या तिरक्या स्नायूंचं. पण या छोट्या स्नायूंमध्ये ताण मोजणाऱ्या संवेदी तर्कू (स्नायूतले सूक्ष्म संवेदक) मल्टिफिडसपेक्षा कितीतरी दाट असतात, हे १९८६ साली मोजून दाखवलं गेलं. मणका आत्ता कुठे आहे, किती वळलाय, याची खबर मेंदूला देणं हे त्यांचं मुख्य काम असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. मलाही तेच पटतं. कवटीच्या तळाशी, मानेच्या वरच्या टोकाला असलेल्या छोट्या स्नायूंतही अशीच गर्दी असते.

दुर्बीण
कवटीच्या तळाशी? दिवसभर स्क्रीनसमोर बसल्यावर तिथेच ठणकतं. त्याचा संबंध असेल का?

अस्थिरंग
दुर्बीण, डोकं पुढे आणि हनुवटी वर अशा बसण्यात ते स्नायू तासन्‌तास आखडलेले राहतात, एवढं नक्की. पण मानेचा वेगळा धागा काढा, इथे कंबर हरवेल.

तुळई
मी स्थापत्य अभियंता आहे. आमच्या बाजूने दोन शब्द, कारण हा प्रश्न मुळात स्तंभाचा आहे.

स्नायू काढून फक्त हाडं, गाद्या आणि अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारे पट्टे) ठेवलेला कमरेचा कणा प्रयोगशाळेत उभा करून वरून दाबला, तर सुमारे ९० न्यूटनला, म्हणजे साधारण ९ किलो भाराखाली तो वाकून कोलमडतो. उभ्या माणसाच्या कमरेवर याच्या कितीतरी पट भार असतो. मग आपण उभे कसे? सडपातळ स्तंभ किती भाराला वाकेल, याचं गणित गणितज्ञ ऑयलरने १८ व्या शतकात मांडलं. आधाराविना असलेली लांबी निम्मी केली की स्तंभ चौपट भार पेलतो. कमरेत हे आधार प्रत्येक मणक्यापाशी द्यावे लागतात, आणि तेही हलत्या स्तंभाला. बाहेरचे लांब स्नायू कितीही ताकदवान असले तरी मधला एखादा मणका जागेवरून घसरत असेल तर ते त्याला तिथल्या तिथे धरू शकत नाहीत. उलट जोरात ओढले की स्तंभावरचा दाब वाढवतात.

मनोहर पंजाबी या संशोधकांनी १९९२ साली हाच विचार मांडला : कण्याची स्थिरता तीन गोष्टींवर, हाडं आणि अस्थिबंध, स्नायू, आणि त्यांना हुकूम देणारी मज्जासंस्था. एक कमी पडली की बाकीच्या दोन भरून काढू पाहतात. अभियंता म्हणून मला ही मांडणी फार भावते.

मणिमेखला
फिजिओथेरपिस्ट आहे. तुळई यांनी माझं अर्धं काम केलं.

पाऊलवाट, आधी तो स्नायू स्वतःच्या बोटांनी शोधा. उभे राहा. दोन्ही अंगठे कमरेच्या अगदी खालच्या भागात, मधल्या टोकांना लागून दोन्ही बाजूंना ठेवा. किंचित पुढे झुका, अंगठ्यांखाली टणक होईल. सरळ होऊन किंचित मागे कला, सैल पडेल. इतक्या खाली इरेक्टर स्पायनीचा मुख्यतः कंडराच असतो, त्यामुळे बोटाला लागणारा मांसल भाग बहुतेक मल्टिफिडसचाच. आता जागच्या जागी संथ चाला आणि तो ताण कसा बदलतो ते पाहा. मी प्रत्येक रुग्णाला हे करायला लावते. नुसतं चित्र दाखवून हा स्नायू कोणाला कळत नाही.

आता मूळ मुद्दा. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पहिल्यांदाच कंबर धरलेल्या रुग्णांचा मल्टिफिडस अल्ट्रासाउंडने मोजला. दुखऱ्या बाजूला, दुखऱ्याच पातळीवर तो बारीक झालेला होता. खरी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. दुखणं काही आठवड्यांत गेलं, माणसं कामाला लागली, पण व्यायाम न केलेल्यांचा स्नायू आपोआप पूर्ववत झाला नाही. याच रुग्णांचा पाठपुरावा २००१ साली छापून आला. वर्षभरात पुन्हा कंबर धरण्याचं प्रमाण व्यायाम केलेल्यांत ३० टक्के, न केलेल्यांत ८४ टक्के.

दुखणं थांबलं म्हणजे स्नायू परत आला असं नाही. पाऊलवाट, माझं उत्तर : चालू ठेवा.

पोलादी
मणिमेखलाताई, आदर राखून असहमत.

त्या अभ्यासात एकूण ३९ माणसं होती, आणि सगळी पहिल्यांदाच कंबर धरलेली. एवढ्यावर दोन दशकं 'स्नायू झोपलाय' ही भाषा चालली आणि माणसं स्वतःच्या पाठीला घाबरून बसली. ज्यांना पुन्हा वाकायची भीती वाटते अशी माणसं व्यायामशाळेत रोज माझ्याकडे येतात. मला याचा मनापासून त्रास होतो. जिवंत माणसाचा मल्टिफिडस झोपत नाही. तो झोपला असता तर माणूस उभाच राहिला नसता.

दुसरं, आतल्या आत फुगवण्याचे नाजूक व्यायाम बाकीच्या व्यायामांपेक्षा सरस आहेत का? २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र करून घेतलेल्या) जुन्या कंबरदुखीसाठी हे तपासलं गेलं. काहीच न करण्यापेक्षा ते बरे, पण इतर व्यायामांच्या तुलनेत फारसा फरक नाही. मग वजन उचला ना! मल्टिफिडसचे तंतू आखूड पण संख्येने प्रचंड आहेत, त्यामुळे कमरेच्या स्नायूंत जोर लावण्याची सर्वाधिक क्षमता त्याची आहे. आणि २००९ च्या मोजमापांनुसार तो पुढे वाकल्यावर अशक्त नव्हे, अधिक ताकदवान होतो. निसर्गाने त्याला वाकलेल्या माणसाला सावरण्यासाठी बनवलाय. जपून ठेवण्यासाठी नव्हे.

सरळरेषा
+१. कंबरदुखीपेक्षा भीतीनेच माणसं जास्त अडतात.

मणिमेखला
पोलादी, 'झोपलाय' हा शब्द मीही वापरत नाही, आणि कॉक्रेनच्या निष्कर्षाशी माझं भांडण नाही. पण सरासरी सांगते ती गटाची गोष्ट. ज्याला पुढे वाकताना कमरेतला खालचा मणका आवरता येत नाही, त्याच्या हातात लगेच वजन दिलं तर तो पाठीच्या वरच्या भागाने आणि श्वास कोंडून उचलतो. तुमच्याकडे येईपर्यंत तो निम्मा बरा झालेला असतो. माझ्याकडे तो कूस बदलता येत नाही अशा अवस्थेत येतो. तेव्हा वजन कुठून उचलणार?

आणि घाई हा मुद्दाही आहे. डुकरांच्या कण्यातल्या एका गादीला इजा केल्यावर अवघ्या ३ दिवसांत त्याच बाजूचा, त्याच पातळीचा मल्टिफिडस आक्रसलेला आढळला. इतक्या कमी दिवसांत नुसत्या न वापरण्याने असं होत नाही. शरीर स्वतःच तो स्नायू आवरतं घेतं. सुरुवातीच्या दिवसांत त्याला हलकेच कामाला लावणं यासाठी.

पोलादी
पहिल्या आठवड्यांसाठी मान्य. माझा विरोध वर्षानुवर्षं पालथं पडून फुगवत राहण्याला आहे.

भूलभुलैया
भूलतज्ज्ञ आहे, थोडं अवांतर लिहितो. इरेक्टर स्पायनी आमच्या कामात २०१६ पासून फार महत्त्वाचा झाला. बरगड्या मोडल्यावर किंवा छातीच्या शस्त्रक्रियेनंतर श्वास घेताना माणूस कळवळतो. त्या वर्षी एक नवं तंत्र प्रसिद्ध झालं : अल्ट्रासाउंडवर पाहत सुई इरेक्टर स्पायनीच्या खाली, मणक्याच्या आडव्या टोकापर्यंत न्यायची आणि तिथे बधिर करणारं औषध सोडायचं. हा स्नायू कण्याला समांतर असा सलग पसरलेला असल्याने औषध त्याच्याखालून वरखाली बरंच पसरतं आणि एका टोचणीत कित्येक पातळ्या झाकल्या जातात. रुग्ण मोकळा श्वास घेतो तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनाच हायसं वाटतं.

जलतरंग
प्राणिशास्त्राची आहे, त्यामुळे मासा आणल्याशिवाय राहवत नाही. 🙂 मज्जातंतूच्या मागच्या शाखेवर चालणारे स्नायू ही रचना आपल्या कितीतरी आधीची. मासा पोहतो तो मुळात कण्यालगतचे स्नायू आळीपाळीने डावी-उजवीकडे आकसत. शरीराच्या बाजूने जाणाऱ्या रेषेच्या वरचे स्नायू मागच्या शाखांवर, खालचे पुढच्या शाखांवर. पुढे पाय फुटले, चालण्याचा भार त्यांनी घेतला, आणि मागच्या शाखांच्या स्नायूंकडे कणा सावरण्याचं काम उरलं. पालीला किंवा मगरीला चालताना पाहा, धड अजून माशासारखं डावी-उजवीकडे वळवळतं.

रानवारा
पाऊलवाट यांनी व्यायामाचं विचारलं आणि आपण मगरीपर्यंत आलो. हा धागा वर ठेवा, अस्थिरंगताई!

ओवी
मला पूर्ण वाकण्याबद्दल विचारायचंय. पाय सरळ ठेवून पायाच्या बोटांपर्यंत वाकते तेव्हा खाली पोचल्यावर कमरेला एकदम सुटल्यासारखं वाटतं. हे काय असतं?

अस्थिरंग
ओवी, फार छान निरीक्षण. पुढे झुकताना इरेक्टर स्पायनी आणि मल्टिफिडस धड हळूहळू खाली सोडत असतात. पण पूर्ण वाकल्यावर बहुतेकांचे हे स्नायू ईएमजीवर (स्नायूंतले विद्युत संकेत मोजणारी चाचणी) जवळजवळ गप्प होतात. तो भार मग अस्थिबंध, मागचं जाड प्रावरण (स्नायूंवरचं चिवट आवरण) आणि ताणलेले स्नायू यांच्या लवचिकपणावर जातो. फ्लॉइड आणि सिल्व्हर या संशोधकांनी हे १९५० च्या दशकात नोंदवलं.

मणिमेखला
आणि जुनी कंबरदुखी असलेल्या पुष्कळ लोकांत ते स्नायू खाली गेल्यावरही गप्प होत नाहीत, आखडलेलेच राहतात. इथे मी पोलादींच्या बाजूने बोलते : अशांना पाठ आणखी ताठ धरायला सांगणं चुकीचं. त्यांना सोडायला शिकवावं लागतं. कधी धरायचं आणि कधी सोडायचं, दोन्ही या स्नायूंना यावं लागतं.

दुर्बीण
एमआरआयमधल्या चरबीचं कोणी बोललं नाही.

अस्थिरंग
बरोबर, राहिलंच. चरबीचे पांढरे पट्टे वयाबरोबर वाढतात आणि कमरेच्या तळाशी सर्वांत जास्त दिसतात. प्रौढांमध्ये ते आणि कंबरदुखी एकत्र आढळतात, १३ वर्षांच्या मुलांमध्ये मात्र तसा संबंध आढळला नाही. दुखणाऱ्याचा स्नायू बिघडतो की बिघडलेला स्नायू दुखवतो, हे एका चित्रावरून ठरत नाही. दुखत नसलेल्या माणसांतही हे पट्टे सापडतात. पाऊलवाट, त्या ओळीने घाबरू नका.

भूलभुलैया
सगळ्यांसाठी एक गंभीर सूचना. कंबरदुखीबरोबर जांघेत, गुदद्वाराभोवती बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, पाय झपाट्याने लुळा पडणं यांतलं काहीही झालं तर धागे वाचत बसू नका, व्यायामही करू नका. लगेच इस्पितळ गाठा.

पाऊलवाट
सर्वांचे मनापासून आभार. अंगठ्यांचा प्रयोग केला. डावीकडे जेवढा टणक लागतो तेवढा उजवीकडे लागत नाही, आणि दुखणं उजवीकडेच होतं. हे हाताला कळल्यावर व्यायाम सोडावासा वाटत नाही. आता मणिमेखलाताई आणि पोलादी, दोघांनाही विचारतो : दुखत नाही, अशा माणसाने नेमकं काय करावं? पालथं पडून फुगवणं चालू ठेवू की वजन उचलू?

पोलादी
पाऊलवाट, फुगवणं आता थांबवलंत तरी चालेल. हलकं वजन घेऊन नितंबातून वाकायला शिका आणि दर काही आठवड्यांनी थोडं वाढवा. चालणं सोडू नका. या स्नायूंत न थकणारे, संथ तंतू जास्त असतात. त्यांना एकदा जोर लावण्यापेक्षा टिकून राहण्याची सवय अधिक मानवते. सोरेनसनची चाचणी माहीत असेलच : पालथं पडून कमरेपासून वरचं धड टेबलाबाहेर आडवं धरून ठेवायचं, जास्तीत जास्त २४० सेकंद. १९८४ च्या अभ्यासात ज्या पुरुषांना ते कमी वेळ जमलं, त्यांना पुढच्या वर्षात पहिल्यांदा कंबरदुखी होण्याची शक्यता जास्त दिसली.

मणिमेखला
या वेळी पोलादींशी सहमत. फक्त सोरेनसनची चाचणी घरी, नुकत्याच बऱ्या झालेल्या कमरेने करून पाहू नका. ते धरून ठेवताना कण्यावर चांगलाच दाब येतो. हात-पाय लांबवण्याचा व्यायाम मात्र ठेवा, तो पुढेही उपयोगी आहे. पाय नितंबापेक्षा वर उचलू नका, कंबर खोलगट होऊ देऊ नका, श्वास चालू ठेवा. आठ-दहा सेकंद धरा, सोडा, पुन्हा धरा. लांबलचक एकदा धरण्यापेक्षा थोडं थोडं अनेकदा. उजवीकडचा टणकपणा हाताला कमी लागतोय म्हणून फक्त उजवीकडे जास्त करू नका, दोन्ही बाजू सारख्या घ्या.

पाऊलवाट
रांगताना कंबर खोलगट झाली हे मला कसं कळणार? मागे आरसा नाही.

मणिमेखला
कमरेवर आडवी एक हलकी काठी ठेवा. पाय उचलताना ती एका बाजूला कलली तर कंबर फिरतेय. तीच काठी उभी, कण्याला समांतर ठेवली आणि तिच्याखालची पोकळी वाढली तर कंबर खोलगट होतेय. पहिले काही दिवस फक्त पाय लांबवा, हात जमिनीवरच ठेवा. काठी हलत नाही असं झालं की मग हात उचला.